वाघजाईच्या पोरी

"तोंडानं श्वास घे," निसार म्हणाला. "नाकानं घेतलास तर आज जेवायची नाहीस."

"तोंडानं घेतला तर चव लागते रे मेल्या!"

तो हसला आणि हसताना त्यालाही ठसका लागला. आम्ही दोघं कांडवी नदीच्या कडेला गुडघ्यापर्यंत काळ्या रबडीत उभे होतो. त्याला चिखल म्हणणं म्हणजे चिखलाचा अपमान. पाय उचलला की खालून बुडबुडे यायचे आणि कुजक्या अंड्यांचा भपकारा थेट मेंदूत जायचा. मी वेंगुर्ल्याची. बंदरावरच्या सुकटीच्या वासात वाढलेली मुलगी, मला सहसा कशाची किळस येत नाही. पण त्या नदीवरून आल्यावर मी रिठ्यानं, लिंबानं, डिटर्जंटनं अंग घासायचे, तरी अंथरुणात पडल्यावर स्वतःच्याच हाताचा वास यायचा.

ती घाण कागद गिरणीची. गिरणीनं पाणी साठवायला नदीवर दगडी बंधारा बांधला होता आणि त्याच साठ्यात वर्षानुवर्षं स्वतःचा सगळा मळ सोडला होता. लगद्याचा, चुन्याचा, आणखी कसला कसला. शेवटी वरून आदेश आला आणि बंधारा फोडला. वर्तमानपत्रात फोटो आले, 'नदी मोकळी झाली' म्हणून. भिंत गेली, पाणी वाहायला लागलं हे खरं. पण भिंतीमागं साठलेला थर थोडाच वाहून गेला, उरलेला दोन्ही काठांना तसाच चिकटून राहिला.

बंधारा फोडल्यावर नदी सुधारते की नाही हे तीन वर्षं बघायचं काम कोल्हापुरातल्या आमच्या संस्थेकडे होतं. पाणी, गाळ, किडे, मासे, सगळं तपासायचं. किडे माझ्याकडे, मासे निसार मुकादमकडे आणि आमच्या दोघांच्या डोक्यावर डॉक्टर रघुवीर चांदोरकर. सर मोठे माणूस. महाराष्ट्रातल्या नद्यांमधले मासे त्यांना नावानिशी ओळखतात असं आम्ही विद्यार्थी म्हणायचो. मी त्यांच्यासाठी वेंगुर्ल्याच्या कॉलेजातली नोकरी सोडून आले होते.

आदेशातली अट सरळ होती, शेवटी एक समिती येऊन बघणार होती. तीन वर्षांनी नदी सुधारलेली दिसली, विशेषतः खडस मासा या पट्ट्यात परत आलेला दिसला, तर गिरणी मोकळी. नाही दिसला, तर उरलेला सगळा थर गिरणीनं स्वखर्चानं उपसून न्यायचा. खडस म्हणजे पुस्तकातला महसीर. मोठ्या खवल्यांचा, देखणा, वाहत्या स्वच्छ पाण्याचा मासा. घाणीत तो राहतच नाही.

आणि ते तिसरं वर्ष होतं.

मी जाळीनं तळ खरवडला, धुतला आणि पांढऱ्या ताटलीत ओतला. ताटलीत नुसती वळवळ. लाल सुतासारखे रक्तकिडे आणि लांब शेपटीच्या त्या फिकट अळ्या, ज्या संडासाच्या खड्ड्यात होतात. स्वच्छ पाण्यातला एकही किडा नाही. तिन्ही वर्षं माझ्या ताटलीत हेच.

"गाळ निघंल न्हवं, बाई?"

काठावरून भागूआत्यानं विचारलं. भोईवाडीची ही म्हातारी आम्ही आलो की काठावर येऊन बसायची आणि दर वेळी हेच विचारायची. भोईवाडी नदीला लागून. सगळी मासे धरणारी माणसं, आता बायाबाप्ये खडी फोडायला जायचे. वाडीची विहीर नदीच्या कुशीत, तिला पिवळं पाणी यायचं. भागूआत्याच्या घोट्यांवर चट्टे होते, खाजवून खाजवून सोलवटलेले. ती ते झाकायची नाही.

"निघेल, आत्या," मी ताटली तिच्यासमोर धरली. "हे बघा. हे किडे आहेत तोवर गिरणीची सुटका नाही."

तिनं वाकून बघितलं. "शी! ह्यो काय मेवा म्हनायचा!" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू मातर हे सांग हां त्यास्नी. न्हाईतर कागदावर गंगा वाहायची आनि आमी हितं खाजवत बसायचं."

तेवढ्यात पुलावर सरांची गाडी थांबली. सर सहसा नदीवर येत नसत. ते इस्त्रीच्या शर्टात खाली आले, नाकाला रुमाल.

"वैजू, निसार, आज पुलाखाली जाळं टाका."

"सर, पुलाखाली आपलं ठिकाण नाहीये," निसार म्हणाला.

"माझ्या मनात आहे ना! टाक."

पुलाखाली खडकांमध्ये जरा खोल पाणी होतं. निसार पाण्यात उतरला आणि दचकून मागं सरला. त्याच्या पायांशी काहीतरी घासून गेलं होतं. मी पुढं झाले, तर माझ्याही पिंढऱ्यांना थंड, गुळगुळीत ढुशी.

"आयला, हे मासे आहेत की मांजरं?" निसार ओरडला.

त्यानं फेकजाळं टाकलं. ओढून वर काढलं तर जाळ्यात सोनेरी खवल्यांचे, हातभर लांबीचे खडस. मी किंचाळलेच. आनंदानं! खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या ताटलीतले किडे मी विसरले. खडस आले! या घाणीतूनही आले!

"बघितलंस?" सर म्हणाले. "नदीला कमी लेखायचं नसतं, वैजू."

गिरणीचे सोनटक्के नावाचे अधिकारी कुठून उगवले कोण जाणे, सोबत फोटोग्राफर. सरांनी रुमाल खिशात घातला, त्यातला मोठा मासा दोन्ही हातांत धरला, हसले, फोटो निघाला. सोनटक्क्यांनी मलाही पेढा दिला. तो मी त्या बरबटलेल्या हातानं खाल्लासुद्धा.

"आता सोडून द्या लवकर," असं म्हणून सर सोनटक्क्यांबरोबर गाडीकडे गेले.

पण मासा पकडला की त्याचं पोट बघायचं, ही आमच्याकडे सवय होती. मारायचं नाही. तोंडातून बारीक नळीनं पाणी सोडायचं, पोट हलकेच दाबायचं, मासा खाल्लेलं ओकतो, मग त्याला सोडून द्यायचं. ही रीत सरांनीच आम्हाला शिकवली होती. "मासा काय खातो ते त्याच्याच तोंडून ऐकावं," हे त्यांचं आवडतं वाक्य. निसारचा हात आपोआप नळीकडे गेला. मी माशाच्या तोंडाखाली तळहात धरला.

माशानं माझ्या तळहातावर चुरमुरे ओकले.

पांढरे, फुगलेले, बुळबुळीत चुरमुरे. त्यात अर्धा फुटाणा आणि खोबऱ्याचा तुकडा.

निसारनं दुसरा मासा घेतला. पुन्हा चुरमुरे. तिसऱ्याच्या तोंडातून चुरमुऱ्यांबरोबर खारकेचा तुकडा आला.

"वाघजाई," आम्ही एकदमच म्हणालो.

वाघजाईचा डोह वरच्या डोंगरात, वेगळ्याच ओढ्यावर. मधे सरळसोट धबधबा, तिथला मासा खाली आला तर चटणीच व्हायची. त्या डोहातले खडस देवीचे. कुणी धरत नाही, कुणी खात नाही. नवस फेडायला आलेली माणसं त्यांना प्रसाद चारतात. त्यांना म्हणतातच जाईच्या पोरी.

"गिरणीवाल्यांनी आणून टाकले," निसार दात खात म्हणाला. "आजच सकाळी. नाहीतर पोटात एवढं राहिलं असतं का!"

"सरांना फसवलं रे त्यांनी! चल, सांगू या."

वर जाऊन बघतो तर गाडी निघून गेली होती. निसार म्हणाला, आधी डोहावर जाऊन खात्री करू, मगच सरांकडे जाऊ. उगाच त्यांना तोंडघशी पाडायला नको. आम्हाला तेव्हा सरांची काळजी वाटत होती, घ्या!

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही वाघजाईला गेलो. देवळापुढं मंडपाला नवे कोरे निळे पत्रे चढले होते. धोंडू गुरव पायरीवर तंबाखू मळत बसला होता. आम्हाला ओळखून उठला, "या या, पोरी बघायच्या न्हवं?" आणि देव्हाऱ्यातली पितळी घंटा घेऊन डोहाच्या पायऱ्या उतरला. घंटा वाजवत त्यानं हाक दिली, "या गं पोरींनो, या!" मी मूठभर चुरमुरे टाकले. पाण्यावर तोंडं आली. पण सगळी बारकी. गेल्या वर्षी इथंच खालचा तळ दिसेना एवढे मोठे मासे आम्ही पाहिले होते.

"मामा, मोठ्या कुठं गेल्या?"

"सासरी धाडल्या की." तो तोंडभर हसला. दात लाल. "पोरी का जन्मभर म्हायेरात ठेवायच्या? कांडवीत वंश वाढवायचा हाय म्हनं. कंपनीनं मंडपाला पत्रं दिलं. देवीला बी सावली झाली."

"देवीला विचारलंत?" निसार म्हणाला.

"कौल लावला की! उजवा दिला." त्यानं चिमूट ओठात कोंबली. "आनि आमी का कुनाच्या बी हाती देतोय व्हय? तुमचं सर स्वता आलं हुतं. हितंच, ह्या पायरीवर हुबं ऱ्हाऊन बोटानं दावत हुतं, ही घ्या, ती घ्या. लई जान माशांची! टाकीत चुरमुरं बी त्यांनीच टाकाय लावलं, वाटंत उपाशी ऱ्हायला नको म्हनून."

मला गुरवाचं पुढचं काही ऐकू आलं नाही. डोहावर वाकून मी हात धुवायला लागले. धुतच राहिले. निसार म्हणाला, "वैजू, पुरे." मला त्या पेढ्याची चव आठवत होती.

दुपारी संस्थेत गेलो. निसार बाहेर थांबला, म्हणाला, "मी आत आलो तर माझा हात उठेल." मी एकटी आत गेले. सर टेबलावर वर्तमानपत्र पसरून भडंग खात होते. कोल्हापूरची नेहमीची, लसूण आणि शेंगदाण्यांची, चकचकीत तेलकट चुरमुऱ्यांची भडंग.

"ये वैजू. घे, भडंग घे."

"सर, त्या माशांच्या पोटात चुरमुरे होते."

त्यांचा घास तोंडाशी थांबला. क्षणभरच. मग तो आत गेला आणि चावून झाल्यावर ते म्हणाले, "पोट कशाला बघितलंत?"

दुसरं काही नाही हो! पोट कशाला बघितलंत!

"तुम्हीच शिकवलंत."

"हं." त्यांनी बोटं चाटली, एकेक करून. "बस आधी. असं बघ, मासे आले, राहिले, तर वंश वाढेलच ना? आज ना उद्या खडस येणारच होता. आपण नदीला जरा हात दिला, एवढंच."

"त्या गाळात राहतील ते? तिथं रक्तकिड्यांशिवाय काही जगत नाही, सर. मी तीन वर्षं तेच बघतेय."

"तू किडे बघतेस म्हणून तुला जिकडेतिकडे किडेच दिसतात." ते हसले. स्वतःच्याच विनोदाला. ओठाला चुरमुरा चिकटलेला होता. "हे बघ, गिरणी आपल्याला प्रयोगशाळेची इमारत देतेय. नद्यांचं कायमचं केंद्र. तिथं तुझी जागा पक्की. एका नदीच्या दोन काठांसाठी बाकीच्या सगळ्या नद्यांचं काम बुडवायचं?"

"आणि भोईवाडी?"

"त्यांना हातपंप देतायत ते. बोललोय मी."

"भागूआत्याचे पाय बघितलेत तुम्ही?"

"वैजू, परवा समिती येतेय. निवृत्त न्यायाधीश देशभ्रतार अध्यक्ष आहेत. निसार जाळं टाकेल, मासे दाखवेल. किड्यांचं तू काही मांडायचं नाहीस. विचारलंच, तर काम चालू आहे म्हण." त्यांनी पुडी माझ्यासमोर सरकवली. "घे गं. रागावलीस की खात नाहीस, हे मला माहीत आहे."

या माणसाच्या तापात मी त्याच्या उशाशी बसले होते. मला इथं कामाला बोलावणारं त्याच्या हस्ताक्षरातलं पत्र घरी देवाजवळ ठेवलं होतं. मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलंच नाही. पोटातून वर आलं ते वेगळंच.

"सर, मला तुमची किळस येते," मी म्हणाले. "गाळाची येत नाही एवढी."

"जा, शांत झालीस की ये," ते म्हणाले आणि त्यांनी पुडीत हात घातला.

संस्थेच्या मागच्या कडुनिंबाखाली मी भडाभडा ओकले. निसारनं पाण्याची बाटली पुढं केली आणि तोंड दुसरीकडे वळवून उभा राहिला.

"आता?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"समितीला तोंडी सांगून उपयोग नाही. सर बोलायला लागले की लोक मान डोलावतात. माझे किडे एका बाजूला आणि सोनेरी मासे एका बाजूला. कुणाचं पटेल?"

"माशांचं."

"मग मासेच बोलू देत."

आम्ही महाद्वार रोडला गेलो. पितळी भांड्यांच्या दुकानात निसार घंटा वाजवून वाजवून बघत होता, गुरवाच्या घंटेसारखा आवाज लागेपर्यंत. दुकानदार वैतागला, "पूजा कसली आहे?" निसार गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "पोरी माहेरी आणायच्यात." पुढच्याच दुकानातून आम्ही चुरमुरे घेतले.

समितीच्या दिवशी नदीवर मांडव होता. वाऱ्याची दिशा बघून घातलेला. टेबलांवर पांढऱ्या चादरी, कोपऱ्याकोपऱ्यात उदबत्त्यांचे जुडगे आणि दोन पोरं गुलाबपाणी शिंपडत हिंडत होती. त्या गुलाबात मिसळलेला गाळाचा वास नुसत्या गाळापेक्षा वाईट होता. नारळ फोडायला चक्क धोंडू गुरवाला आणलं होतं, नव्या धोतरात. भोईवाडीची माणसं दोरीच्या पलीकडे. भागूआत्या पुढं, दोरी धरून.

देशभ्रतार साहेब उंच, वाकलेले, विदर्भातले. फारसं बोलत नव्हते. सरांनी भाषण केलं. नदी आई असते, आई लेकरांना क्षमा करते, वगैरे. भाषण चांगलंच झालं. सोनटक्क्यांनी डोळे टिपले, मी बघितलं. मग सर म्हणाले, "आता आमचे निसार मुकादम आपल्याला प्रत्यक्ष दाखवतील."

निसार जाळं घेऊन पुढं झाला आणि त्यानं ते खडकावर ठेवून दिलं.

"जाळं लागणार नाही, साहेब," मी म्हणाले. "हे मासे हाक मारली की येतात. आपण पाण्यापाशी यावं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात घंटा होती.

"वैजू," ते हळूच म्हणाले. "वैजयंती!"

मी घंटा वाजवली. "या गं पोरींनो, या!" मूठभर चुरमुरे पाण्यावर टाकले. काहीच झालं नाही. पुन्हा वाजवली. मागं कुणीतरी खुसखुसलं. मेले असतील सगळे, मला वाटलं.

मग ते आले. सावकाश, तिरके होत, वरच्या पाण्याला तोंडं लावत. गाळानं त्यांचा श्वास कोंडला होता. खवल्यांवर पांढऱ्या कापसासारखी बुरशी चढली होती, एकाचा डोळा फुगून बाहेर आलेला, एकाचं शेपूट सडून झडलेलं. आणि त्या अवस्थेत ते सगळे घंटेला आले, माणसाच्या हाताकडे तोंडं उघडून.

साहेब वाकले. मी त्यांच्या ओंजळीत चुरमुरे दिले. एका माशानं त्यांची बोटंच तोंडात धरली.

"वा!" साहेब लहान मुलासारखे हसले. "फारच प्रेमळ आहेत हो!"

आणि मांडवात टाळ्या पडल्या! सोनटक्के सगळ्यांत जोरात. सर पटकन पुढं येऊन म्हणाले, "नदीशी विश्वासाचं नातं जुळलं की असं होतं, साहेब." मी घंटा धरून उभीच. मला वाटलं, संपलं. यांना काही दाखवा, हे टाळ्याच वाजवणार.

"अगं आई गं!"

भागूआत्या दोरीखालून आत घुसली होती. पाण्याच्या काठाशी येऊन ती मटकन बसली. "ह्या तर जाईच्या पोरी! ही बघा, ही काळ्या पाठीची! हिला मी माज्या हातानं नारळ चारलाय, नातू झाला तवा!" दोरीपलीकडच्या बायकांनी हात जोडले. "कुनी आनल्या ह्या हितं? धोंडबा! आरं, तू हितं काय करतूयास?"

गुरवानं नारळ पाठीमागं लपवला. "सासरी… सासरी धाडल्या, आत्या. वंशासाठी."

"सासरी?" ती उठली. "मुडद्या, पोरगी द्यायच्या आधी मानूस सासरचं पानी बघून येतं! तू काय बघितलंस? ह्यो गू बघितलास?"

एक मासा उलटा झाला आणि पांढरं पोट वर करून तसाच तरंगत राहिला. साहेबांनी आपली बोटं बघितली. काळी झाली होती. त्यांनी ती नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा असा आक्रसला की गुलाबपाणीवाला पोरगा धावत आला. साहेबांनी त्याला हातानंच थांबवलं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "या माशांना घंटा कुणी शिकवली?"

सरांनी खिशातला रुमाल काढून नाकाला लावला.

"आणि तुम्ही कोण?"

"वैजयंती खानोलकर. मी या नदीतले किडे बघते."

"दाखवा."

मी ताटली आणून पांढऱ्या चादरीवर ठेवली, नारळाच्या तबकाशेजारी. सकाळीच खरवडलेली, वळवळती. समितीतले दोघं तोंड फिरवून उठले. साहेब बसून राहिले. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाले, "आता सगळं पहिल्यापासून सांगा."

गाळ निघाला. पुढच्या पावसाळ्याच्या आत गिरणीला तो उपसावा लागला. ट्रक जायचे तेव्हा भागूआत्या पुलावर उभी राहून प्रत्येक ट्रकला शिवी घालायची. जाईच्या पोरींपैकी जगलेल्या थोड्या भोईवाडीच्या माणसांनी हंड्यांतून डोहावर नेल्या. गुरवाला घंटेला हात लावू दिला नाही त्यांनी.

सरांचं काय झालं म्हणाल, तर काही नाही. त्यांना मुदतवाढ मिळाली, मग सत्कार झाला, मग जीवनगौरव. संस्थेच्या जिन्यात तो फोटो अजून आहे म्हणे, मासा हातात घेऊन हसतानाचा. मी राजीनामा दिला तेव्हा त्यांनी मला पुष्पगुच्छ पाठवला होता. तो मी शिपायाच्या हातातच परत केला. भडंग मात्र मला आजही खाता येत नाही. कुणी पुडी फोडली की मी खोलीबाहेर जाते, आणि लोकांना वाटतं बाईला लसणाचं वावडं आहे.

परवा खूप वर्षांनी निसारबरोबर कांडवीवर गेले होते. त्याच्या हाताखाली आता पोरं शिकतात, त्यांना नदी दाखवायची होती. मी तळ खरवडला, तर ताटलीत दगडाच्या कणांची घरटी करून राहणारे ते किडे, स्वच्छ पाण्याचे. निसारनं जाळ्यातल्या एका खडसाचं पोट धुतलं. शेवाळ, पंखांचे तुकडे, किड्यांच्या तंगड्या.

"काय खाल्लंय?" भागूआत्यानं विचारलं. ती आता काठी घेऊन चालते. पाय कोरडे.

"किडे."

"बरं झालं, बाई. बरं झालं!"

मग तिनं कनवटीला बांधलेली घंटा काढली. माझीच ती, त्या दिवशी तिच्याकडे राहून गेलेली. तिनं माझ्या हातात दिली. "वाजव की."

पुलाखालच्या पाण्यात सावल्या दिसत होत्या, मोठ्या, प्रवाहाकडे तोंड करून स्थिर. मी घंटा वाजवली.

एका झटक्यात पाणी रिकामं झालं. आम्ही बराच वेळ थांबलो. एकही मासा आला नाही.